ट्रेस बंद करा, ऑप्शन्सला जपून

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. परदेशातल्या एका खरेदीदाराने आमची वेबसाइट तपासून घेतली. अहवालात लिहिलंय, 'ट्रेस, पुट, डिलीट, ऑप्शन्स या मेथड चालू आहेत, बंद करा.' होस्टिंगवाला म्हणतो, त्याने काही होत नाही. खरं कोणाचं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : थोडं थोडं दोघांचंही. मेथड म्हणजे सर्व्हरला काय करायचं ते सांगणारा शब्द : गेट म्हणजे पान दे, पोस्ट म्हणजे माहिती घे, पुट म्हणजे फाइल ठेव, डिलीट म्हणजे पूस, ऑप्शन्स म्हणजे काय काय चालतं ते सांग. आधी ट्रेस बघू. या मेथडने काही पाठवलं की सर्व्हर ते जसंच्या तसं परत करतो. कर्लने (कमांड टाइप करून साइटला विनंती पाठवायचं साधन) तुमच्याच साइटला ट्रेस पाठवा, सोबत 'चादर' नावाची खोटी कुकी (ब्राउझर साइटला सोबत पाठवतो ती छोटी नोंद) जोडा. उत्तरात २०० म्हणजे 'ठीक' हा आकडा येऊन चादर परत आली तर ट्रेस चालू. ४०५ म्हणजे 'ही मेथड चालत नाही' आलं तर बंद. स्क्रिप्टपासून लपवलेली लॉगिनची कुकी याच वाटेने चोरता येते, हे २००३ मध्ये उघड झालं. आताचे ब्राउझर स्क्रिप्टला ट्रेस पाठवूच देत नाहीत, म्हणून तुमचा होस्टिंगवाला निवांत आहे. पण तुमची साइट अपाचे या सर्व्हर प्रोग्रामवर असेल तर त्याच्या मुख्य कॉन्फिगमध्ये 'ट्रेसइनेबल ऑफ' एवढी एक ओळ टाकायला त्याचं काय जातंय? तुम्ही स्वतः ती साइटच्या फोल्डरमधल्या एचटीअ‍ॅक्सेसमध्ये टाकू नका, साइट ५०० ही सर्व्हरची चूक दाखवत बसेल.

पुट-डिलीटचं नाव यादीत दिसलं म्हणून कोणी फाइल पुसेलच असं नाही. वेबडॅव (वेबवरून फाइली ठेवायची-पुसायची सोय) बंद असेल आणि मागे कुठला प्रोग्राम त्या मेथड घेत नसेल, तर अपाचे त्या नाकारतो. खात्री हवी तर पुटने एक फालतू टेक्स्ट फाइल चढवून बघा. २०१ म्हणजे 'फाइल तयार झाली' आलं आणि फाइल ब्राउझरमध्ये उघडली, तर जेवण बाजूला ठेवून आधी होस्टिंगवाल्याला फोन लावा.

ऑप्शन्सने मात्र मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. साखर पेठेतल्या एका चादरवाल्यांकडे अपाचेच्या 'लिमिटएक्सेप्ट' या मेथड रोखणाऱ्या सेटिंगमध्ये गेट, पोस्ट आणि पुट ठेवून बाकी सगळं बंद केलं आणि ऐटीत घरी आलो. दुपारी फोन : "ओ साहेब, दर बदलंना झालाय की ओ!" त्यांचं दर बदलायचं पान वेगळ्या सबडोमेनवर (त्याच साइटच्या दुसऱ्या पत्त्यावर) होतं आणि पुट वापरत होतं. अशा वेळी ब्राउझर आधी ऑप्शन्स पाठवून परवानगी विचारतो. मी त्यालाच दारातून हाकललं होतं.

तेव्हा आधी सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांची नोंद असलेला महिनाभराचा अ‍ॅक्सेस लॉग काढून तुमच्याच माणसांकडून कुठल्या मेथड येतात ते बघा. ऑप्शन्स लागत असेल तर ती राहू द्या, आणि खरेदीदाराला कारण दोन ओळींत कळवा.