सातबाऱ्यावर नाव आहे, पण ते लागलं कसं?

प्रश्न : गावाकडे दोन एकर शेती घेतोय. सातबारा एकट्या विक्रेत्याच्या नावावर आहे, बोजाही नाही. इसार देऊ का?

थोडं थांबा. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. नावाजवळ फेरफार, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक दिसेल. तो फेरफार काढा, मग त्याच्या मागचा, असं करत निदान तीस वर्षं मागे जा. मधल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते.

हा आग्रह का? परवाच एका अशिलाचे फेरफार चाळत होतो. वडील वारल्यावर तीन भावांची नावं लागली, पुढच्या फेरफारात दोघांनी हक्क सोडला. हक्कसोडपत्राची नोंदणी मात्र झालेलीच नाही, आणि दोन बहिणींचा कुठे उल्लेखही नाही! हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलंय. 20 डिसेंबर 2004पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी वेगळी. म्हणून विक्रेत्याला बहिणी किती, हे गावात जाऊन विचाराच. त्यांच्या सह्या खरेदीखतावर संमती म्हणून घ्या.

उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल, तर परवानगीचं काय ते आधी बघा. आणि तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ न देणारं कूळकायद्याचं कलम 63 आडवं येईल.

प्रश्न : मालक परदेशात आहेत, व्यवहार त्यांचा कुलमुखत्यार (त्यांनी लेखी अधिकार दिलेला माणूस) करतोय. चालेल?

चालेल, पण मूळ मुखत्यारपत्र हातात घेऊन वाचा. विकण्याचा आणि नोंदणीचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. मालकांशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. मालक वारले की साधं मुखत्यारपत्र संपतं. खरेदीखताऐवजी तुमच्याच नावे मुखत्यारपत्र देऊ केलं तर नकार द्या. त्याने मालकी मिळत नाही.

प्रश्न : बिल्डर करारापूर्वीच 25 टक्के मागतोय.

देऊ नका. रेरा, म्हणजे स्थावर मिळकत नियमन कायद्याच्या कलम 13नुसार नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

प्रश्न : बँकेने कर्ज मंजूर केलंय. मग वेगळा वकील कशाला?

बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो. तुमच्यासाठी शोध अहवाल (मालकीच्या जुन्या कागदपत्रांची तपासणी) वेगळा करून घ्या, आणि तोही इसार देण्याआधी.