युरोपात एकट्याने गाडी चालवत फिरताना रोजचा मुक्काम आधी बुक करावा की वाटेत शोधावा? खर्च किती येतो?

वाटेत शोधावा, पण दुपारी शोधावा. चार वाजले की त्या दिवसाचे गाडी चालवणे संपले असे समजून खोली बघायला लागावे. आल्प्सच्या भागात फिरणार असाल तर हे माझे ठाम मत आहे. या प्रश्नावरून आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर लिहिते.

एका सप्टेंबरात मी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गहून एकटीच निघाले होते. ग्रोसग्लॉकनरचा घाट ओलांडायचा, लिएन्झ गाठायचे आणि पुढे इटलीतल्या टोब्लाखला राहायचे, असा बेत होता. नकाशावर हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास दिसते आणि एक्स्प्रेसवेची सवय असलेल्या माणसाला ते अर्ध्या दिवसाचे काम वाटते. प्रत्यक्षात एकट्याने चालवणाऱ्याला त्याला पूर्ण दिवस लागतो, कारण शेजारी पाटी वाचणारे, टोलचे पैसे काढून देणारे, "पुढचे वळण डावीकडे" असे सांगणारे कोणी नसते. प्रत्येक शंकेसाठी गाडी बाजूला घेऊन थांबावे लागते, आणि थांबलेच पाहिजे.

हा घाट १९३५ साली वाहतुकीला खुला झाला. ब्रुकपासून हायलिगेनब्लूटपर्यंत तो ४८ किलोमीटर आहे, त्यात ३६ तीव्र वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक व उंची लिहिलेली पाटी आहे. होखटोर हे त्यावरचे सर्वांत उंच ठिकाण २५०४ मीटरवर येते. फेरलायटेनच्या टोलनाक्यावर मी पोचले तेव्हा स्वच्छ ऊन होते. फुशर ट्योर्लच्या थांब्यावरून शिखरांची सगळी रांग दिसत होती, आणि चालकाला दृश्य बघायचे असेल तर ते अशा थांब्यावर गाडी बंद करूनच बघावे. पुढे अर्ध्या तासाच्या आत होखटोरपाशी इतके दाट धुके उतरले की रस्त्याच्या कडेच्या दगडांपलीकडे काही दिसेना. माझ्या मागच्या दोन गाड्या दिवे लावून पुढे निघून गेल्या. मी वाहनतळावर गाडी उभी केली आणि धुके विरळ होईपर्यंत तिथेच बसून राहिले. मला कोठेही ठरावीक वेळेला पोचायचे नव्हते, म्हणून मला हे जमले.

माझे वडील एसटीत चालक होते आणि कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर त्यांनी आंबा घाटात आयुष्य काढले. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा चालक गाडीतल्या माणसांचा जीव टांगणीला लावतो, हे त्यांनी मला शिकवले होते. हायलिगेनब्लूटच्या बाजूचा सगळा उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. खाली एका थांब्यावर तापलेल्या ब्रेकचा करपट वास येत होता आणि दोन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या.

हायलिगेनब्लूटला तीन वाजून गेले होते. टोब्लाख अजून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होते आणि उजेडात पोचणे शक्य होते. तरीही मी म्योल नदीच्या खोऱ्यात थोडे खाली जाऊन पहिल्या चांगल्या पाटीपाशी थांबले. ऑस्ट्रियात आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये घरांवर, शेतघरांवर 'त्सिमर' म्हणजे खोल्या असे लिहिलेली पाटी असते आणि तिच्याखाली दोन कड्यांना 'फ्राय' लिहिलेली छोटी फळी अडकवलेली असते. ती फळी लटकत असेल तर खोली रिकामी आहे. मी बेल वाजवली. एप्रन बांधलेल्या, साठीच्या एका बाईंनी दार उघडले. "एकच रात्र? एकच व्यक्ती?" असे त्यांनी दोनदा विचारले आणि क्षणभर विचार केला, कारण एका रात्रीसाठी चादरी-अभ्रे बदलणे त्यांना परवडत नाही. मग त्यांनी आधी खोली दाखवली. तिथे खोली बघून मग होकार द्यायची पद्धत आहे, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. मी हो म्हटल्यावर त्यांनी पासपोर्ट मागून घेतला, पाहुण्यांचा फॉर्म भरून घेतला, बाहेर गेल्या आणि 'फ्राय'ची ती फळी कड्यांतून काढून हातात घेऊन परत आल्या.

जेवायला त्यांनी गावातल्या खाणावळीत लगेच जायला सांगितले, कारण तिथली स्वयंपाकघरे लवकर बंद होतात आणि आठवड्यातून एक दिवस खाणावळच बंद असते. शाकाहारी माणसाने त्या भागात 'कासनूडेल्न' मागावेत. मऊ चीज आणि पुदिन्याचे सारण भरलेला हा पदार्थ आपल्या करंजीसारखा कडेला मुरड घालून मिटवतात आणि उकडून वर लोणी घालतात.

आता वादाचा भाग. त्याआधीच्या एका प्रवासात मी, दादा आणि वहिनी असे तिघे होतो आणि दादा गाडी चालवत होता. दक्षिण टिरोलमधल्या मेरान गावातल्या एका हॉटेलचे पैसे आधीच भरलेले होते आणि ते परत मिळणार नव्हते. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीपाशी वाहतूक तुंबली आणि पुढच्या श्टेर्त्सिंग गावाला पोचेपर्यंत अंधार पडला. तिथे राहायच्या जागा दिसत होत्या. मी म्हटले, इथेच राहू, सकाळी जाऊ. "पैसे भरलेत," एवढेच दादा म्हणाला आणि पावसात, रात्री, २०९४ मीटर उंचीच्या याउफेन खिंडीतून त्याने गाडी नेली. वहिनी पूर्ण वाट एक शब्द बोलल्या नाहीत. हॉटेलवर पोचलो तेव्हा दाराला कुलूप होते. किल्ली बाहेरच्या पेटीत होती, पेटीचा आकडा ईमेलमध्ये होता आणि फोनला रेंज नव्हती. रस्त्यावरच्या एका भल्या माणसाने स्वतःचा फोन दिला म्हणून आत जाता आले.

घरातल्या प्रत्येक कार्यात दादा हा प्रसंग "बुकिंग होते म्हणून रस्त्यावर झोपावे लागले नाही" असा सांगतो. मी म्हणते की बुकिंग होते म्हणूनच आपण रात्री त्या घाटात शिरलो. भरलेले पैसे बुडतील या धास्तीने थकलेला माणूस गाडी हाकत राहतो, आणि गाडीत एकटाच असेल तर त्याला थांब म्हणणारेही कोणी नसते. म्हणून एकट्याने फिरणाऱ्याला परत न मिळणारे बुकिंग करू नका असेच मी सांगते.

खर्चाबद्दल: एकट्या माणसाला दोघांच्या खोलीचे बहुतेक भाडे एकट्यालाच भरावे लागते, हे धरूनच चाला. एक-दोन रात्रींसाठी अनेक ठिकाणी जादा आकार घेतात, शिवाय दर रात्रीचा स्थानिक पर्यटन कर वेगळा असतो. अशा घरांत कार्ड चालेलच असे नाही, तेव्हा रोख युरो जवळ ठेवा. न्याहारी बहुधा भाड्यातच असते आणि ती पोटभर असते.

हे सगळे लहान गावांचे आणि बिगरगर्दीच्या दिवसांचे झाले. १५ ऑगस्टच्या आसपास इटली आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे सुट्टी असते, तेव्हा आणि नाताळच्या आठवड्यात आधी बुक केल्याशिवाय निघू नका. मोठ्या शहरांतही बुक करा, आणि इटलीतल्या शहरात जुन्या भागातले हॉटेल घेत असाल तर त्यांना गाडीचा नंबर आधी कळवा. तिथे 'झेडटीएल' नावाचे प्रतिबंधित क्षेत्र असते, परवानगीशिवाय आत गेल्यास कॅमेरा टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत येतो. गाडी दुसऱ्या देशात नेणार असाल तर ती परवानगीही कंपनीकडून आधीच लेखी घ्या.

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळे कागदावर काहीच ठरवले नाही असे भारतातून जाणाऱ्याला चालत नाही. पहिली आणि शेवटची रात्र पक्की करा, मधल्या रात्रींसाठी आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येईल असेच बुकिंग घ्या. त्याला थोडे जास्त पैसे पडतात आणि दादा त्यालाच उधळपट्टी म्हणतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून घ्या, तो एक वर्षाचा मिळतो आणि त्याच्यासोबत मूळ परवानाही जवळ लागतो. सध्या दादा पुन्हा ऑस्ट्रियाचा बेत करतो आहे. या वेळी वहिनींनी त्याला स्पष्ट सांगितले आहे की रद्द न होणारे हॉटेल घेतलेस तर मी येणार नाही.