वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या पट्टीचे टायर

प्रश्न : वडिलांनी जपलेल्या फियाट ११०० ला गेल्या वर्षी मी पांढऱ्या पट्टीचे टायर बसवून घेतले. गाडी महिन्यातून दोनदा-तीनदाच बाहेर निघते, तरीही पट्टी पिवळट तपकिरी पडली आहे. गाडी धुतल्यावर मी न चुकता टायर पॉलिश लावतो. कोणी रॉकेलने पुसायला सांगते, कोणी ब्लीच वापरायला. नेमके काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रॉकेल आणि ब्लीच या दोन्ही गोष्टी कृपया गाडीपासून लांब ठेवा. रॉकेलने रबर फुगते आणि मऊ पडते. ब्लीचने पट्टी त्या दिवशी पांढरीशुभ्र दिसते खरी, पण रबर कोरडे पडून त्याला बारीक भेगा जायला लागतात.

आपण लिहिलेला डाग बहुधा रस्त्यावरून आलेला नाही, तो टायरच्या पोटातूनच वर आलेला आहे. हवेतल्या ओझोनपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून काळ्या रबरात काही रसायने आणि मेण मिसळलेले असते, आणि ते हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत राहावे अशीच त्याची योजना असते. काळ्या भागावर त्याचा तपकिरी रंग डोळ्यांत भरत नाही, पांढऱ्यावर मात्र तो लगेच उठून दिसतो. पेट्रोलियमचा अंश असलेले पॉलिश हे झिरपणे वाढवते. म्हणजे ज्या पॉलिशने आपण काळा भाग चमकवता, त्यानेच पट्टी पिवळी पडण्याला हातभार लागतो आहे. सर्वांत आधी ते बंद करा.

धुण्यासाठी गाडी सावलीत घ्या आणि टायर पूर्ण थंड होऊ द्या. एका वेळी एकच चाक घ्यावे, कारण साबण वाळला की त्याचा डाग पुन्हा निराळा. टायर आधी पाण्याने भिजवून, कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण कालवून, कपडे घासायच्या नायलॉनच्या ब्रशने पट्टीवर गोल गोल घासा. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल, तो धुऊन टाका आणि फेस पांढरा येईपर्यंत पुन्हा घासा. एवढ्यानेही डाग हटला नाही, तर साबण लावलेली अगदी बारीक लोखंडी लोकर (स्टील वूल) हलक्या हाताने फिरवावी. भांड्यांची जाड तारेची घासणी नको. तिच्या ओरखड्यांत पुढच्या वेळी चिखल रुतून बसतो. लोखंडी लोकर व्हील कॅपच्या क्रोमला आणि रंगाला लागू देऊ नका, आणि शेवटी भरपूर पाणी ओता, कारण मागे राहिलेले तुकडे गंजून नवेच डाग पाडतात. ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो क्वचितच करावा. पांढऱ्या रबराचा थर पातळ असतो, तो घासून खालचे काळे दिसू लागले की त्याला इलाज नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पांढरा रंग हा टायरवर नंतर चढवलेला साज नव्हे. सुरुवातीच्या काळातले टायर झिंक ऑक्साइडमुळे सगळेच पांढरट असत. पुढे झीज कमी व्हावी म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या भागात कार्बनची काजळी मिसळू लागले आणि बाजू पांढऱ्याच राहिल्या. ही काजळी उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही रबराला वाचवते. पांढऱ्या पट्टीत ती नसते, म्हणून आपली गाडी उभी असतानाही चाकांवर ऊन येणार नाही, एवढे अवश्य पाहा.

प्रश्न : नव्या टायरच्या पट्टीवर निळा थर आहे. तो तसाच ठेवला तर पट्टी सुरक्षित राहील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गोदामात एका टायरचे काळे रबर दुसऱ्याच्या पांढऱ्याला लागून डाग पडू नये, म्हणून तो थर दिलेला असतो. टायर बसवल्यावर गाडी उन्हात नेण्यापूर्वीच तो कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने धुऊन काढावा. घासून खरवडू नये. नीट भिजला की तो आपसूक सुटतो. जादा टायर घरी ठेवायचे असतील तर पांढऱ्या बाजूला पांढरी बाजू लागेल अशा रीतीने एकावर एक रचावेत.

प्रश्न : साध्या काळ्या टायरवर पांढरा ऑइल पेंट मारून पट्टी करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करू नये. चाक फिरताना टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा सरळ होते. ऑइल पेंट तेवढा ताणत नाही, म्हणून त्याचे पापुद्रे निघतात.

प्रश्न : आमच्या गाडीचे पांढऱ्या पट्टीचे टायर वर्षानुवर्षे जवळजवळ न चालवता पडून आहेत. धुतल्यावर ते नव्यासारखे दिसतात. त्यांवर लांबचा प्रवास करावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पट्टीच्या शुभ्रतेवरून टायरचे वय कळत नाही. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. २००० सालापासूनच्या टायरवर तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१२ असेल तर तो टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. तीनच आकडे असतील, तर टायर त्याहून जुना समजावा. पट्टी आणि काळे रबर जिथे जुळतात तिथे अंगठ्याने दाबून पाहा. केसासारख्या भेगा उघडताना दिसल्या, तर ते टायर कितीही देखणे असले तरी लांबच्या रस्त्यावर नेऊ नका.