जुनं सायटेशन घेताना आधी वह्या मागवा

१९८०च्या आसपासचं सायटेशन टू, म्हणजे सेसना कंपनीचं दोन इंजिनांचं छोटं बिझनेस जेट, रंग चकचकीत, सीटांचं लेदर नवं, किंमत एखाद्या नव्या पिस्टन विमानापेक्षाही कमी. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं भागीदारीत असंच एक विमान पोसलंय, तेव्हा सांगतो: घेण्यासारखं असतं, पण रंग आणि लेदर बघून नाही.

किंमत का पडली याचं उत्तर बहुतेकदा इंजिनांत सापडतं. सायटेशन टूला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची जेटी१५डी-४ इंजिनं असतात. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नवं करणं, ३,५०० तासांना; मध्ये १,७५० तासांना हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागाची तपासणी. विकणारा म्हणेल, "३,१०० झालेत, अजून चारशे तास बिनघोर." वर्षाला शंभर तास उडवलंत तर चौथ्या वर्षी दोन्ही इंजिनं दारात उभी, आणि त्यांचं बिल तुम्ही विमानाला मोजलेल्या रकमेला सहज मागे टाकू शकतं. त्यापेक्षा ओव्हरहॉलनंतर पाचशेच तास झालेलं, रंग उडालेलं विमान दीडपट किमतीला मिळालं तरी मी तेच घेईन.

तासांइतकंच सायकलींकडे बघा. एक उड्डाण, एक सायकल. इंपेलर (हवा दाबणारं चाक), टर्बाइन डिस्क असे इंजिनाचे फिरणारे भाग ठरलेल्या सायकली भरल्या की बाद, मग दिसायला कितीही ठणठणीत असोत. वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारलेलं विमान तासांत तरुण आणि सायकलींत म्हातारं निघतं. अशा प्रत्येक भागाचा सिरियल नंबर आणि पहिल्या दिवसापासूनच्या सायकली कागदावर जुळल्या पाहिजेत.

आम्ही सगळ्यात आधी बघितलेल्या विमानाची गोष्ट. डाव्या इंजिनाच्या लॉगबुकात, म्हणजे देखभालीच्या वहीत, एका पानावर तीन वर्षांच्या नोंदी होत्या; सगळ्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात, शाईसुद्धा सारखीच ताजी. आमच्या मेकॅनिकने पान खिडकीच्या उजेडाला धरलं, वही मिटली आणि चहा कुठे मिळेल विचारलं. आम्ही समजलो.

खरेदीपूर्व तपासणी त्या विमानाची नेहमीची देखभाल करणाऱ्या हँगरमध्ये करू नका. सायटेशन रोज उघडणारा दुसरा कोणी गाठा. बोरस्कोपने, म्हणजे इंजिनात घालायच्या नळीसारख्या कॅमेऱ्याने, टर्बाइनची पाती बघायला लावा. टॉयलेटखालची फरशी उचलायलाच लावा, तिथे वर्षानुवर्षं गळलेल्या पाण्याने धातू खाल्लेला असतो. विंडशील्डच्या कडांना थर सुटलेत का, पंखांवरच्या डी-आइस बूटांना (बर्फ फोडणाऱ्या, फुगणाऱ्या रबरी पट्ट्यांना) ठिगळं किती, हे तुम्हालाही दिसेल. आणि फेज ५ ही मोठी तपासणी नुकतीच झालेली असेल तर उत्तम, नाहीतर ती सौद्यातच करून मागा.

कॉकपिटबद्दल एकच: विमान आरव्हीएसएमला, म्हणजे वरच्या थरात विमानांमध्ये कमी उभं अंतर ठेवून उडायला, पात्र आहे ना? नसेल तर २९,००० ते ४१,००० फुटांचा पट्टा एरवी तुम्हाला बंद. खाली ही इंजिनं इंधन ढोसतात, पल्ला आटतो, आणि जेट घेतल्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. अमेरिकेत उडवणार असाल तर एडीएस-बी आउटही बघा, म्हणजे विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र. बहुतेक महत्त्वाच्या हवाई हद्दीत ते २०२० पासून सक्तीचं आहे.

लिअरजेट २५ हे दुसरं जुनं बिझनेस जेट याहूनही स्वस्त दिसेल. मोह आवरा. त्याची सीजे६१० टर्बोजेट इंजिनं भयंकर गोंगाट करतात आणि तितकीच तहानलेली. आवाज कमी करणारा बदल केलेला नसेल तर अमेरिकेत ते २०१५ संपल्यापासून उडवताच येत नाही.

एकट्याने उडवायचा विचार असेल तर मॉडेल नंबर नीट वाचा. सायटेशन टू दोन नंबरांत येतं: ५५० मुळात दोन वैमानिकांचं, एकट्यासाठी वेगळी सवलत मिळवावी लागते. ५५१ एकट्यासाठीच प्रमाणित, पण उड्डाणाचं वजन १२,५०० पौंडांत बसवायचं. विमा कंपनीला मात्र सौद्याच्या आधीच फोन करा. टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारचं विमान उडवायचा परवाना, नवं असेल तर सुरुवातीचे बरेच तास अनुभवी वैमानिक शेजारी बसवायला सांगतात.

आज विकणाऱ्याकडे तीनच गोष्टी मागा: दोन्ही इंजिनांचे तास, फिरत्या भागांच्या सायकली, शेवटच्या फेज ५ची तारीख. आठवडाभर टोलवाटोलवी झाली तर बघायला जायचं तिकीटही काढू नका.