बाथरूममधल्या गॅस गिझरचा धूर बाहेर काढायला पाईप कसा जोडावा? पीव्हीसी पाईप आणि एक्झॉस्ट फॅन चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अंबाजोगाईत नवं घर, ५ बाय ४ फुटांची बाथरूम, तिच्यात ६ लिटरचा गॅस गिझर बसवायचाय. फिटर म्हणतोय, चार इंची पीव्हीसी पाईप भिंतीतून बाहेर काढू, वर एक्झॉस्ट फॅन लावू, विषय संपला.

पीव्हीसी चालणार नाही, फॅन तर मुळीच नाही. आणि खरं विचाराल तर गिझरच बाथरूममध्ये नको. मी वाळूजला गेली बावीस वर्षं पत्र्याचे डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे बोगदे, बनवतोय. तरीही फॅनची चूक मी स्वतःच्या हातानं केलीय, तीही सख्ख्या बहिणीच्या घरी. म्हणून जरा लांबण लावतो.

बहीण परभणीला. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या कृषी विद्यापीठात पारा पाच-सहावर आल्याची बातमी निघते, तेव्हा सकाळी नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. त्यात ऐन आंघोळीच्या वेळी लाईट जायची. म्हणून गॅस गिझर घेतला आणि बसवायला अर्थातच मामा. मी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा पाईप केला, सांधे असे बसवले की बोट फिरवलं तरी कड लागू नये. आरसा धुरकट होतो म्हणाली, तर दारावर छोटा एक्झॉस्ट फॅनही लावून दिला. मनात म्हटलं, एवढं नेटकं काम परभणीत दुसरं नसेल.

संक्रांतीला तिच्याकडेच होतो. भाचा आंघोळ करून भिंत धरत धरत बाहेर आला. "मामा, डोकं लई गरगरायलंय, पायात जीवच नाही राहिला." बहीण म्हणाली, उपाशीपोटी पित्त झालं असेल. मी आत गेलो. गिझर चालू, फॅन चालू, आणि खिडकीच्या काचपट्ट्यांवर थंडी नको म्हणून कॅलेंडरचा पुठ्ठा दोरीनं बांधलेला. गिझरच्या डोक्यावरच्या टोपीच्या कडेला जी फट असते, तिथे मनगट नेलं तर ओलसर गरम वाफारा हातावर आला. तो पाईपात वर जायला हवा होता. सगळ्यांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या. घर निवल्यावर, गॅस कुठे गळत नाही हे साबणाच्या फेसानं बघून घेतलं आणि दार लावून त्या फटीपाशी उदबत्ती धरली. फॅन बंद असताना धुराची रेघ सरळ पाईपात शिरत होती. फॅन लावला की तीच रेघ वाकून माझ्या तोंडावर यायची.

कारण अगदी साधं. फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच हवी. दार बंद, खिडकीला पुठ्ठा, मग उरली एकच मोकळी वाट : मी मोठ्या कौतुकानं बनवलेला पाईप. धूर त्याच वाटेनं उलटा आत.

माझा एक जुना सहकारी आता कॅनडात घरं गरम करणाऱ्या गॅस फर्नेसचं काम करतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडे फर्नेसला दोन वाटा असतात, खोल्यांतली हवा खेळवणारे डक्ट वेगळे आणि धुराचा पाईप वेगळा. खोल्यांतली हवा परत आणणारा डक्ट फर्नेसजवळ फुटका राहिला तर ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, तिथलीच हवा ओढतो आणि चिमणीतून वर जाणारा धूर खाली खेचून घरभर वाटतो. म्हणून ते तिथला सांधा न् सांधा मॅस्टिकनं (सांधे बुजवायच्या लुकणानं) किंवा फॉईल टेपनं बंद करतात. गंमत म्हणजे ज्याला आपण डक्ट टेप म्हणतो ती कापडी टेप डक्टला वापरायची नसते, उष्णतेनं तिचा गोंद वाळून ती सुटते. तुमच्या फिटरच्या पेटीत नक्की असेल, लक्ष ठेवा.

आता हिशेब बघा. ६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. म्हणजे पाव तासाच्या आंघोळीला तीनेक घनमीटर. तुमची बाथरूम आठ फूट उंच धरली तर तिच्यात सगळी मिळून साडेचार घनमीटर हवा. तीच हवा तुम्हालाही श्वासाला हवी. हवा संपायची वाटही बघावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा कमी पडला की निळी ज्योत पिवळी होते, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळला तर नाकाला कळतं. हा कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग पाय गळतात. कडी हाताच्या अंतरावर असूनही माणूस ती काढू शकत नाही, ते यामुळं.

कधी असं घडलंच तर माणसाला मोकळ्या हवेत आणा, रेग्युलेटर बंद करा, १०८ ला फोन लावा आणि डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे आपणहून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आकडा ९८ दाखवेल आणि माणूस अत्यवस्थ असेल.

तर गिझर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या जागेत लावा. आत यावा तो फक्त गरम पाण्याचा नळ. आपल्या आज्ज्यांचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध धुराचं नळकांडं असूनही तो अंगणात नाहीतर परसात पेटायचा, न्हाणीत यायची ती पाण्याची बादली.

गिझर युटिलिटी बाल्कनीत लावणार असाल आणि ती पत्र्यानं किंवा काचेनं बंद केलेली असेल तर मात्र पाईप हवाच. त्यासाठी गिझरही धुराचं गोल तोंड असलेला घ्या. स्वस्तातल्या गिझरला वर नुसत्या चिरा असतात, त्यावर पाईप तारेनं बांधणं म्हणजे स्वतःची फसवणूक. पाईप जीआयचा किंवा कंपनीनं दिलेला. पीव्हीसी ऐंशीएक अंशाला मऊ पडतो आणि धूर त्याहून कितीतरी गरम असतो. तोंडाचा जो व्यास तोच शेवटपर्यंत, मध्ये कुठेही बारीक करायचा नाही. पाईपचं चुण्या पाडलेलं टोक धूर जाण्याच्या दिशेला, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, कोपरे जितके कमी तितकं बरं. नैसर्गिक ओढीवर चालणारा गिझर असेल तर आडव्या तुकड्याला फुटामागे किमान पाव इंच चढ द्या. आत पंखा असलेला, धूर ढकलणारा गिझर असेल तर उलट, बाहेरच्या बाजूला थोडा उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. या दोन्हींत फिटर हमखास घोळ घालतात, कंपनीचं पुस्तक त्याच्यासमोर उघडून धरा. बाहेरच्या तोंडाला टोपी हवी, नाहीतर पहिल्याच हंगामात पारवे घरटं करतील. आणि ते तोंड कुणाच्या खिडकीखाली नको, शेजाऱ्याच्याही.

सिलिंडरचं फार सांगत नाही. आयएसआय छापाची नळी, पाच वर्षांनी बदलायची. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून झरोका जमिनीलगतही हवा. गळती वाटली तर १९०६ या गॅसच्या हेल्पलाईनला फोन लावा. आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यानं गिझरच्या आत क्षार बसतात, शिवाय बर्नरवर काजळी धरते, तेव्हा वर्षातून एकदा खोलून साफ करून घ्या. ज्योत पिवळी दिसली तर वर्षाची वाट बघू नका.

बहिणीचा गिझर आता मागच्या भिंतीवर आहे. उघड्यावर वाऱ्यानं ज्योत विझायची म्हणून तिन्ही बाजूंनी पत्र्याची आडोशाची पेटी केली, वरून-खालून जाळी. भाचा अजून चिडवतो, "मामा, फॅन लावू का?"

तुमची बाल्कनी उघडी आहे की बंद, आणि गिझर ते बाहेरची भिंत किती फूट पडतंय, तेवढं लिहा. कोपरे किती लागतील ते सांगतो.