पिशवी न काढता गाठींवर उपचार होऊ शकतो का?

प्रश्न : माझे वय 43 असून आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. गेली दोन वर्षे पाळीच्या वेळी अंगावर फार जाते. पहिले तीन दिवस रात्री दोनदा उठावे लागते आणि शेतातून घरापर्यंतचा चढ चढतानाही धाप लागते. हिमोग्लोबिन 8.2 आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत फायब्रॉइडच्या तीन गाठी दिसल्या असून मोठी गाठ 7 सेंटीमीटरची आहे. गोळ्यांनी तेवढ्यापुरता फरक पडतो. मुले मोठी झाली आहेत, त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. मात्र पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या गाठींवर मनगटातून नळी घालून उपचार झाले आणि ती दुसऱ्या दिवशी घरी आली. हा खरोखर शस्त्रक्रियेला पर्याय आहे का? आमच्या डॉक्टरांनी त्याचा उल्लेखही का केला नाही? आणि गाठ आतच राहिली तर पुढे तिचा कॅन्सर होईल का?

– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : कोणताही उपचार ठरवण्याआधी हिमोग्लोबिनचे पाहा. 8.2 या आकड्यावर शस्त्रक्रिया काय किंवा दुसरा कोणताही उपचार काय, घाईने करणे योग्य नाही. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते, त्याविषयी याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा.

तुमच्या बहिणीवर झालेल्या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. हृदयाची अँजिओग्राफी जशी होते, तसाच त्याचा आरंभ असतो. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून दोन मिलिमीटरहून कमी जाडीची नळी आत सरकवतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिच्यातून वाळूच्या बारीक कणांएवढे, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण सोडतात. क्ष-किरणांत दिसणारे औषध नळीतून सोडल्यावर पडद्यावर ही धमनी पीळ दिलेल्या दोरीसारखी दिसते आणि गाठीभोवती काळे जाळे उमटते. कण जात राहतात तसे ते जाळे विरत जाते आणि शेवटी तिथला प्रवाह थांबतो. मग दुसऱ्या बाजूच्या धमनीतही तेच करतात. गाठीचा रक्तपुरवठा असा तोडला की ती सुकू लागते, पण गर्भाशयाला इतर वाटांनीही रक्त मिळत असल्यामुळे ते तगून राहते. साधारण तास-दीड तासाच्या या कामाला पूर्ण भूल लागत नाही आणि टाकाही पडत नाही.

हा शोध थोडा अपघातानेच लागला, हे सांगण्याजोगे आहे. पॅरिसमधले स्त्रीरोगतज्ज्ञ जाक राविना आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून आधी धमन्या बंद करून घेत असत; पण शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांचा त्रासच कमी झाला आणि काहींना शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. त्यांचा हा अनुभव 1995 मध्ये प्रसिद्ध झाला.

तुमच्या डॉक्टरांनी हा पर्याय का सांगितला नाही, हे मला ठाऊक नाही. मीही स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि एवढे कबूल करते की जे आपल्या हातात नाही ते आपल्या तोंडीही सहसा येत नाही. एम्बोलायझेशन स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत. ते इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत नळीवाटे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे काम आहे, आणि कॅथ लॅब (असे उपचार करण्याची सुसज्ज खोली) व असा तज्ज्ञ दोन्ही असलेली रुग्णालये तालुक्याच्या गावी क्वचितच असतात. ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम’ या वाक्याची आपल्याकडे लागलेली सवयही त्यामागे असू शकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले आहे. तरीही तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. रक्तस्राव हमखास आणि कायमचा थांबवणारा उपाय पिशवी काढणे हाच आहे.

एम्बोलायझेशनची तशी हमी नाही. नेदरलँड्समध्ये 2002 ते 2004 या काळात 177 स्त्रियांना दोन गटांत विभागून या दोन उपचारांची तुलना झाली आणि पुढे दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांची पिशवी दहा वर्षांनंतरही शाबूत होती. उरलेल्यांची काढावी लागली, आणि त्यांतल्या बहुतेकींची पहिल्या दोन वर्षांतच. हा आकडा तुमच्या वयाशेजारी ठेवून वाचा. आपल्याकडे पाळी बहुधा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते आणि त्यानंतर गाठी आपोआप आक्रसतात. म्हणजे तुम्हाला निभावून न्यायची आहेत ती साधारण तीन-चार वर्षे. तिशीतल्या, अजून मूल हवे असलेल्या स्त्रीला मी हे इतक्या सहज सांगितले नसते. तिच्यासाठी गाठ तेवढी काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा अधिक बरी.

बहीण दुसऱ्या दिवशी घरी आली हे खरे, पण ती पहिली रात्र कशी गेली हेही तिला विचारा. पहिल्या बारा-चोवीस तासांत बाळंतकळांसारख्या कळा येतात आणि त्यासाठी जोरदार वेदनाशामके द्यावी लागतात. नंतर काही दिवस कणकण, मळमळ आणि थकवा राहतो. कामाला लागायला एक ते दोन आठवडे धरा. गाठी नाहीशा होत नाहीत, सहा महिन्यांत साधारण निम्म्यावर येतात. आठवडा उलटल्यावर ताप चढला किंवा अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. क्वचित पाळी कायमची बंद होते; पंचेचाळिशीनंतर हा संभव वाढतो.

कॅन्सरविषयी : फायब्रॉइडच्या गाठीचा कॅन्सर होणे अत्यंत विरळ आहे. मात्र पिशवी काढली की ती तपासणीला जाते, एम्बोलायझेशनमध्ये तपासायला काही हाती येत नाही. म्हणून खात्री आधीच करून घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत मी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घेईन आणि ओटीपोटाचा एमआरआय करीन. गाठी नेमक्या कुठे आहेत, त्यांना रक्त किती मिळते, सोबत पिशवीची भिंतच सुजलेली आहे का, हे त्यावर कळते. देठाला लोंबणारी किंवा आधीच रक्तपुरवठा आटलेली गाठ असेल तर हा उपचार तितकासा उपयोगी नाही. क्ष-किरणांत दिसणारे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही करावी लागेल. शिवाय गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन तुमच्यासाठी चालेल का, हेही एकदा विचारा. ते चालले तर शस्त्रक्रिया आणि एम्बोलायझेशन या दोन्हींची गरज पडणार नाही.

हे कागद घेऊन पुण्यातल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला भेटा आणि त्यांचे मत आपल्या डॉक्टरांना दाखवा. आरोग्य विमा असेल तर हा उपचार ‘प्रायोगिक’ म्हणून नाकारू देऊ नका : विमा नियामकाने 2019 मध्ये काढलेल्या, विमा कंपन्यांना वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांच्या यादीत गर्भाशय धमनीच्या एम्बोलायझेशनचे नाव पहिलेच आहे. मात्र कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात, तेव्हा दाखल होण्यापूर्वी मंजुरीची रक्कम लेखी मागून घ्या.