नमुना घेण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. उंदरांच्या रक्तातले शिसे उतरवणारे संयुग हाती असूनही, "यातून मुलाला नेमके काय मिळणार?" असे बालरोग विभागातल्या डॉक्टरांनी विचारले म्हणून तू दुखावलीस आणि पुन्हा प्रयोगशाळेतच रमावे असे तुला वाटू लागले आहे. तो प्रश्न तू स्वतःला खूप आधीच विचारायला हवा होतास. नमुना घेण्याआधी प्रश्न ठरव, हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितले होते.

अर्थात हे मला सांगणेही सोपे नाही. बॅटरी भंगारात काम करणाऱ्यांचे रक्त जपून ठेवा, एवढाच निरोप मी एकदा एका रुग्णालयाला धाडला होता. त्यांनी नेहमीच्या रीतीने सीरम, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव, वेगळा करून गोठवला आणि पेशी टाकून दिल्या. रक्तातले सुमारे ९९ टक्के शिसे तांबड्या पेशींत असते! दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली आणि मी बरेच दिवस तंत्रज्ञाला दोष देत राहिलो. शिशाचा अंश नसलेल्या ट्यूब वापरा, संपूर्ण रक्त ठेवा, हे मी सांगितलेच नव्हते, कारण त्या रक्ताला काय विचारायचे आहे हे माझेच ठरलेले नव्हते.

म्हणून सक्सिमर या शिसे उतरवणाऱ्या औषधाची अमेरिकेतली चाचणी नीट वाच. १२ ते ३३ महिन्यांची ७८० मुले त्यात होती आणि त्यांच्या रक्तात दर डेसिलिटरला २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसे होते. औषधाने शिसे उतरले. केवळ तेवढेच पाहायचे असते, तर यशाचे पेढे तिथेच वाटले गेले असते. पण मुलांची बुद्धी आणि वागणूक सुधारते का, हा प्रश्न त्यांनी आधीच ठरवला होता. २००१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा औषध आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) या दोन गटांत त्या बाबतीत फरक आढळला नाही. असा निकाल लिहायला जिगर लागते. माझ्याकडे ती त्या वयात नव्हती.

यावरून उंदरांवरचे काम फुकट गेले, असे मात्र कोणी म्हटले तर मी आजही भांडेन. शिसे हाडांत अनेक वर्षे दडून राहते आणि औषध थांबताच रक्तात परत चढू लागते, हे प्रयोगशाळेतल्या माणसाइतके कोणाला उमगते? तुझी गरज डॉक्टरांना आहे, फक्त ते तसे म्हणत नाहीत. तेव्हा उगाच रुसू नकोस.

नीतिसमितीची परवानगी, पालकांना कळेल अशा मराठीतले संमतिपत्र, पहिले मूल दाखल होण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी (ही अट १ एप्रिल २०१८ पासून आहे), हे सगळे यथावकाश होईल. संख्याशास्त्रज्ञ मात्र आजच गाठ. तो तुला मुलांची संख्या सांगण्याआधी प्रश्नच विचारेल, आणि प्रश्न ठरलेला नसेल तर तुला हात हलवत परत यावे लागेल.

येत्या मंगळवारी त्याच डॉक्टरांच्या ओपीडीत कोपऱ्यात बस आणि वही बंद ठेव. आया काय विचारतात, शिसे जिथून येऊ शकते त्या घराची भिंत, अंगणातले भंगार, हळद यांबद्दल काय सांगतात, ते ऐक. मग मला एका वाक्यात तुझा प्रश्न लिहून पाठव. त्या वाक्यात तुझ्या संयुगाचे नाव नको.

तुझा,
सर